पहिली आज्ञा

सभेच्या ग्रंथालयात संगणक आले, तेव्हा आपण त्यांना हार घातले होते. एका खासगी कार्यालयाने आपली जुनी यंत्रे बदलली आणि त्यांतील सहा सभेला देणगी म्हणून दिली. देताना प्रत्येकाच्या पोटातील हार्डडिस्क मात्र त्यांनी काढून घेतली. तीत त्यांच्या ग्राहकांची माहिती होती, त्यामुळे त्यांचे वागणे रीतीला धरूनच होते. पण त्यामुळे आपल्याकडे आली ती कपाटे नसलेली सहा घरे. नव्या हार्डडिस्क घ्यायच्या तर खर्च सभेच्या आवाक्याबाहेरचा. तेव्हा असा मार्ग निघाला की, ग्रंथपालांच्या खोलीत एक बरा संगणक मुख्य म्हणून ठेवायचा, यंत्रे सुरू होण्यासाठी लागणारी सारी सामग्री त्यात साठवायची, आणि सायंकाळी वाचनालय उघडले की सहाही यंत्रांनी ती तारेवरून मागून घ्यायची. या पद्धतीला नेटवर्क बूट म्हणतात. स्वतःच्या बुटाचे पट्टे ओढून स्वतःलाच वर उचलावे, अशा अर्थाच्या एका इंग्रजी वाक्प्रचारावरून संगणकाच्या जागे होण्याला ‘बूट’ हे नाव पडले. आपल्या यंत्रांना तर पट्टेही स्वतःचे नव्हते. ते शेजारच्या खोलीतून येणार होते.

सहांपैकी चार यंत्रे पहिल्या दिवशीच सुरू झाली. सभेचे जुने अंक, स्मरणिका, हस्तलिखित ग्रंथसूची यांची छायाचित्रे तरुण मंडळींनी खपून काढली होती, ती पडद्यावर दिसू लागली. ऐंशी ओलांडलेल्या एक आजी आपल्या वडिलांचा लेख शोधत आल्या आणि तो सापडल्यावर पडद्याला हात लावून बसून राहिल्या. ग्रंथालय समितीचा सदस्य म्हणून मला त्या दिवशी फार धन्य वाटले.

पाचवे आणि सहावे यंत्र मात्र उठेना. बटण दाबले की निर्मात्याचे चिन्ह झळके, काळ्या पडद्यावर दोन-तीन ओळी उमटत, यंत्राला आपला पत्ता मिळाल्याचेही दिसे, आणि मग एकेक टिंब पुढे सरकत सरकत सारे थबके. थोड्या वेळाने ‘वेळ संपली’ अशा अर्थाचा संदेश येई आणि यंत्र पुन्हा मूळपदावर.

मी राज्य शासनाच्या सेवेत उभी हयात घालवलेला माणूस. काही बिघडले की दोष कुठे असणार, याविषयी माझी मते आधीच तयार असतात. मी म्हटले, तार खराब आहे. तारवाल्याला बोलावले. त्याने दोन्ही तारा बदलल्या आणि पैसे घेऊन तो गेला. यंत्रे उठली नाहीत. मग मी म्हटले, सर्व तारा जिथे एकत्र येतात ती स्विच नावाची पेटी सदोष आहे. तीही बदलली. यंत्रे उठली नाहीत. शेवटी मी जडवस्तू नोंदवही काढली, दोन्ही यंत्रांसमोर ‘नादुरुस्त’ असा शेरा लिहिला आणि खाली सही केली. पुढच्या कार्यकारिणीत ती दोन्ही भंगारात देण्याचा ठराव यायचा होता. सही केल्यावर मला बरे वाटले. नस्ती बंद करण्याचे एक समाधान असते. प्रश्न सुटलेला नसला तरी तो टेबलावरून हललेला असतो.

त्याच सुमारास दिवाळीला माझी पुतणी पुण्याहून घरी आली. ती संगणकाच्याच व्यवसायात आहे. बोलण्याच्या ओघात या दोन यंत्रांचा विषय निघाला. ती म्हणाली, “काका, तारच खराब आहे हे तुम्ही कशावरून ठरवलंत?”

“तारेशिवाय दुसरं काय असणार, बेटा?”

“ते बघायला हवं ना.”

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, भाऊबीज आटोपल्यावर, सायंकाळी आम्ही दोघे ग्रंथालयात गेलो. तिने आरंभ केला तो अगदी साध्या गोष्टीपासून. पाचवे यंत्र उचलून पहिल्याच्या जागी ठेवले आणि पहिले पाचव्याच्या जागी. तारा जागच्या जागीच राहू दिल्या. चांगले यंत्र ‘खराब’ तारेवर निमूटपणे सुरू झाले आणि आजारी यंत्र चांगल्या तारेवरही थबकले. जे काम मी पैसे देऊन दोनदा चुकीचे करून घेतले होते, ते दोन यंत्रांची अदलाबदल केल्याने पाच मिनिटांत निकाली निघाले. दोष जागेबरोबर राहिला नव्हता, यंत्राबरोबर चालत गेला होता.

मग तिने आपला लॅपटॉप जोडून तारेवरचे संभाषण ऐकायला घेतले. ‘ऐकायला’ हा शब्द तिचाच. यंत्रे एकमेकांशी काय बोलतात हे ओळीओळीने पाहता येते, हे मला तेव्हाच कळले. तिने मला जे समजावले ते कचेरीच्या भाषेत मांडतो.

बटण दाबल्याबरोबर संगणकाला काहीही आठवत नसते. त्याच्या मुख्य पाटीवर एक चिप असते आणि तीत काही आज्ञा मुरवून ठेवलेल्या असतात. प्रोसेसर सर्वांत आधी त्या वाचतो. हार्डडिस्क असो वा नसो, खिडक्यांची ती परिचित चित्रे असोत वा नसोत, या आज्ञा सर्वांच्या आधी. त्यांना फर्मवेअर म्हणतात. हा शब्द १९६७ साली अ‍ॅशर ओपलर या अमेरिकी लेखकाने प्रथम वापरला. यंत्राचे घट्ट अवयव म्हणजे हार्डवेअर, सहज बदलता येणारी आज्ञावली म्हणजे सॉफ्टवेअर, आणि या दोहोंच्या मधले ते फर्मवेअर. वैयक्तिक संगणकांत त्याला बरीच वर्षे बायॉस म्हणत. अलीकडच्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआय नावाच्या नव्या रचनेने घेतली आहे, पण बोलण्यात बायॉस हे नाव टिकून आहे.

ज्याला स्वतःचे भांडार नाही असे यंत्र या आज्ञांच्या आधारे जाळ्यावर हाक मारते, “मी अमुक क्रमांकाचे यंत्र. मला पत्ता द्यावा.” मुख्य संगणक पत्ता देतो आणि कोणती फाईल मागायची तेही सांगतो. मग यंत्र ती फाईल मागते आणि ती तुकड्यातुकड्याने येऊ लागते. ही सारी देवघेव कशी व्हावी याचे नियम ठरलेले आहेत. इंटेल कंपनीने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेली पीएक्सई नावाची नियमावली आजही त्याच्या मुळाशी आहे. फाईल पोचवण्याची पद्धत तर त्याहून जुनी, १९८१ सालची. तिचे नाव टीएफटीपी. तिच्या मूळ नियमाप्रमाणे एका खेपेस ५१२ बाइट पाठवायचे. देवनागरीचे एक चिन्ह आजच्या प्रचलित पद्धतीत ३ बाइट जागा घेते, म्हणजे एका खेपेस जेमतेम १७० चिन्हे, एखादे पोस्टकार्डच म्हणा ना. आणि त्या पोस्टकार्डाची पोचपावती आल्याशिवाय पुढचे पाठवायचे नाही. आवक-जावक विभागात आयुष्य काढलेल्या कोणत्याही कारकुनाला ही व्यवस्था पाहून आनंद व्हावा.

“आता बघा काका,” पुतणी पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, “मुख्य यंत्र हाच तुकडा पुन्हा पुन्हा पाठवतंय. तार तो पोचवतेही आहे. पण हे पोच देत नाही. मध्येच गप्प होतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे पाठवणाऱ्याचा दोष नाही, रस्त्याचा नाही. घेणाऱ्याला घेता येत नाही.”

घेणाऱ्याला घ्यायला शिकवते ते फर्मवेअर. तिने सहाही यंत्रे एकेक करून सुरू केली आणि मूळ रचनेच्या पडद्यावर जाऊन तिथे छापलेली आवृत्ती एका कागदावर उतरवून घेतली. सहाही यंत्रे एकाच निर्मात्याची, एकाच नमुन्याची. पण चालणाऱ्या चार यंत्रांतील फर्मवेअर २०१५ सालचे होते आणि न चालणाऱ्या दोघांतील २०१२ सालचे. ती दोन यंत्रे बहुधा वेगळ्या खेपेतील असावीत आणि त्यांच्याकडे नंतर कोणी पाहिले नसावे. निर्मात्याने प्रत्येक सुधारित आवृत्तीबरोबर एकेका ओळीचे टिपण दिले होते. त्या दोन तारखांच्या मधल्या एका टिपणात एवढेच म्हटले होते की, नेटवर्कवरून सुरू होण्यातील दोष दूर केला आहे. एक ओळ. आपण दोन महिने ज्यावर चर्चा केली, पैसे घातले आणि ठराव आणायला निघालो होतो, ते उत्तर त्या एका ओळीत कित्येक वर्षे पडून होते.

मी विचारले, “मग आता ही चिप बदलायची?”

ती हसली. “चिप नाही बदलायची. तिच्यातलं लिहिलेलं बदलायचं.”

एके काळी ते इतके सोपे नव्हते. सुरुवातीच्या चिपांत आज्ञा कारखान्यातच कायमच्या कोरलेल्या असत. पुढे अशा चिपा आल्या की ज्यांच्या पाठीवर काचेची एक लहान खिडकी असे. तिच्यातून अतिनील किरण सोडले की आतले पुसले जाई. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृती जगापुढे मांडली, आणि विजेनेच पुसता व पुन्हा लिहिता येणाऱ्या या चिपा पुढे घरोघरच्या संगणकांत आल्या. सोय झाली, तसे भयही आले. १९९८ मध्ये सीआयएच नावाचा एक विषाणू पसरला. तो २६ एप्रिल १९९९ रोजी जागा झाला, तेव्हा हार्डडिस्कचा आरंभीचा भाग तर त्याने पुसलाच, पण जिथे साधले तिथे या मूळ चिपेतील आज्ञाही नासवल्या. अशी यंत्रे नंतर चिन्हसुद्धा दाखवीनात. आमच्या कचेरीत त्या दिवसापासून एक अलिखित नियम झाला की, यंत्राच्या मूळ रचनेला हात लावायचा नाही. नियम भीतीतून आला होता, आणि भीतीतून आलेले नियम कारण संपले तरी चालू राहतात.

भीती अगदीच निराधार नव्हती. फर्मवेअर लिहिले जात असताना मध्येच वीज गेली, तर जुने पुसले गेलेले असते आणि नवे पुरते उतरलेले नसते. मग उठण्याची आज्ञाच नाही, तर उठणार कोण? आपल्या मध्य प्रदेशातील मंडळींना २००३ च्या आसपासचे दिवस आठवत असतील. वीज, रस्ते, पाणी या तीन शब्दांवर त्या वर्षी विधानसभेची निवडणूक लढली गेली होती. आज परिस्थिती कितीतरी सुधारली आहे, पण ज्याने ते दिवस काढले त्याचा विजेवरचा विश्वास काही पुरता परत येत नाही. मी म्हटले, “राहू दे. आहेत तशी तरी आहेत.”

“काका, आहेत तशी ती भंगारातच जाणार आहेत,” ती म्हणाली. यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

तिने सारे क्रमाने केले. यंत्राचा नमुना क्रमांक पाठीवरच्या पट्टीवरून दोनदा वाचला, कारण दुसऱ्या नमुन्याचे फर्मवेअर चढवणे म्हणजे एका रोग्याचे औषध दुसऱ्याला देणे. नवी आवृत्ती निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घेतली. जुन्या मांडणीची टिपणे काढून ठेवली. मुख्य संगणकाचा यूपीएस काढून आणला, त्याची बॅटरी किती वेळ तग धरते ते आधी एका दिव्यावर पाहिले आणि मगच पाचवे यंत्र त्याला जोडले. पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर सूचना आली की, काम पूर्ण होईपर्यंत यंत्र बंद करू नये. एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरू लागली.

ती पट्टी भरायला तीन-चार मिनिटे लागली असतील. मी पंख्याकडे बघत उभा होतो; तो थांबला की समजावे. पंखा थांबला नाही. वीज गेली नाही. इतक्या भीतीनंतर काहीही घडले नाही. यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाले आणि त्याने संदेश दिला की, सुरू होण्यासाठी काहीही सापडत नाही.

माझा चेहरा पाहून पुतणी म्हणाली, “घाबरू नका. नवीन लिहिलं की मांडणी मूळपदावर जाते. नेटवर्कवरून उठायचं हेच ते विसरलंय.” तिने टिपणाचा कागद काढला, मांडणीत जाऊन नेटवर्कवरून सुरू होण्याची सोय पुन्हा चालू केली, क्रमात ती पहिली आणली आणि यंत्र पुन्हा सुरू केले. पत्ता आला. टिंबे सरकू लागली. जिथे ती रोज थबकत तिथून पुढे गेली, आणि पडद्यावर आपल्या ग्रंथसूचीचे पहिले पान उभे राहिले. सहाव्या यंत्रालाही तेवढाच वेळ लागला.

मांडणी कुठे साठवलेली असते, असे मी सहज विचारले. तिने एका यंत्राचे झाकण उघडून रुपयाएवढी एक चपटी बॅटरी दाखवली. वीज बंद असताना यंत्राचे घड्याळ तीवर चालते, आणि अनेक यंत्रांची मांडणीही तिच्याच जोरावर टिकते. “ही संपली की रात्री मेन स्विच बंद केला की सगळं विसरतं. मग रोज सकाळी नवीन सांगावं लागतं. लोकांना वाटतं मशीन गेलं.”

‘रोज सकाळी’ हे दोन शब्द ऐकले आणि माझ्या डोळ्यांपुढे एक वेगळीच खोली उभी राहिली.

सन २००४. मी एका जिल्हा कार्यालयात होतो. तिथे खर्च वाचवण्यासाठी अशीच हार्डडिस्क नसलेली आठ यंत्रे एका मुख्य संगणकाला जोडली होती. त्यांवर काम करण्यासाठी कंत्राटी पद्धतीने नेमलेला एक तरुण होता. आठांतील तीन यंत्रे रोज सकाळी उठत नसत. तो त्यांच्याशी झटत बसे आणि साडेदहाचे काम बाराला सुरू होई. वरून विचारणा होई, ती मी खाली विचारत असे. तो उभा राहून सांगे, “साहब, तार ठीक है। बात मशीन के अंदर की है।” पुरवठादाराला बोलावून मूळ आज्ञावली तपासून घ्यावी, असा अर्जही त्याने दिला होता. मी तो वाचला होता. वाचला होता म्हणूनच आज हे लिहावे लागत आहे. वाचला नसता तर निदान अज्ञानाची सबब तरी उरली असती.

मी त्या अर्जावर काही केले नाही. मूळ रचनेला हात लावायचा नाही हा आमचा नियम होता आणि पुरवठादाराला बोलावणे म्हणजे नवी नस्ती उघडणे. उलट वर्षअखेरीस त्याच्या कंत्राटाचे नूतनीकरण माझ्यापुढे आले, तेव्हा मी टिपणी लिहिली की, यंत्रे वेळेवर सुरू न होण्यास संबंधिताचा निष्काळजीपणा कारणीभूत दिसतो. ‘दिसतो’ या शब्दामागे आम्ही अधिकारी किती लपून राहतो, हे ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना ठाऊक आहे. नूतनीकरण झाले नाही. पुढे दुसरा माणूस आला. तीन यंत्रे त्याच्याही हाती उठली नाहीत. तरी मी आधीची टिपणी पुन्हा काढून वाचली नाही. दोन वर्षांनी ती यंत्रे निर्लेखित झाली आणि त्या यादीखालीही माझी सही आहे.

त्या यंत्रांचा दोष काय होता, हे आज मी सांगू शकत नाही. फर्मवेअर जुने असेल, रुपयाएवढी बॅटरी संपली असेल, आणखी काही असेल. दोन यंत्रांची जागा बदलून पाहिली असती, तर निदान एवढे तरी कळले असते की दोष माणसाचा नव्हता. ती पाच मिनिटे मी कधी दिली नाहीत. त्याच्या अर्जात होते ते ज्ञान होते, आणि मी त्याचा दर्जा त्याच्या पदावरून ठरवला.

घरी परतताना पुतणीला मी हे सांगितले नाही. पण रात्री झोप आली नाही तेव्हा वाटले की, तार खराब आहे असे म्हणण्याची सवय काही कचेरीपुरती नाही. सभेत दर वर्षी एक चर्चा होते की, मुले मराठी वाचत नाहीत, कार्यक्रमांना येत नाहीत. आपण शाळेला दोष देतो, भोवतालच्या हिंदीला देतो, दूरचित्रवाणीला देतो. १८१८ मध्ये मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. आपल्यापैकी अनेकांची घराणी त्याच्या आगेमागे या मातीत रुजली. तेव्हाही भोवती माळवीच होती आणि हिंदीच होती. तरी मराठी टिकली, कारण मूल बोलू लागायच्या आधी त्याच्या कानावर काय पडत होते, ते घराच्या हाती होते. माझा मुलगा लहान असताना इंग्रजी शाळेत तो मागे पडू नये, म्हणून मी त्याच्याशी घरात मराठी बोलणे हेतुपुरस्सर कमी केले होते. आज तो सभेचे हे त्रैमासिक उघडतो, अर्धे पान वाचतो आणि थबकतो. अंक त्याच्यापर्यंत पोचतो; टपालाचा त्यात दोष नाही. यावर अधिक काय लिहू?

एका जुन्या शिपायाच्या मदतीने त्या तरुणाचा दूरध्वनी क्रमांक मला मिळाला. आता तो तरुण राहिलेला नाही. एका तहसिलीच्या गावी त्याचे छायाप्रती आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान आहे. मी नाव सांगितले तेव्हा तो खुर्चीवरून उठला असावा, कारण खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकू आला. मी काय करावे ते आधी लिहून काढले होते. ते वाचून दाखवले नाही, पण त्यातले सांगितले. ती टिपणी मी चुकीची लिहिली होती, तपासल्यावाचून लिहिली होती, आणि त्याबद्दल मला क्षमा मागायची आहे, एवढेच.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “साहब, वो तो बहुत पुरानी बात हो गई।” त्याने माझ्या प्रकृतीची चौकशी केली. फोन ठेवण्यापूर्वी जरा अडखळत त्याने विचारले, “साहब, एक बात पूछूँ? वो तीन मशीनें... बाद में चलीं क्या?”

मी सांगितले की चालली नाहीत, कारण कोणी आत पाहिलेच नाही.

“बायॉस ही था, साहब,” तो म्हणाला. “मुझे तब भी लगता था।”

इतकी वर्षे लोटली, तरी त्याच्या मनात ती यंत्रे अजून उठायची राहिली होती. माझ्या मनातून ती निर्लेखनाच्या सहीबरोबर गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी सभेची जडवस्तू नोंदवही काढली. पाचव्या आणि सहाव्या यंत्रासमोरचा ‘नादुरुस्त’ हा शेरा एका रेघेने खोडला. तो पुसून टाकला नाही. चुकीचा शेराही नोंदीत राहिला पाहिजे. शेजारी लिहिले, ‘फर्मवेअर अद्ययावत केले, नेटवर्क बूट सुरळीत’, पुढे नव्या आवृत्तीचा क्रमांक आणि दिनांक. त्याखाली समितीसाठी एक सूचना लिहिली आहे की, यापुढे कोणतेही यंत्र निकामी ठरवण्यापूर्वी त्याची जागा दुसऱ्या यंत्राशी बदलून पाहावी, त्यातील फर्मवेअरची आवृत्ती चालत्या यंत्राशी ताडून पाहावी, आणि जो रोज त्याच्यावर बसतो त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत नोंदवून घ्यावे.

ग्रंथालयात आता सहाही यंत्रे सुरू आहेत. सायंकाळी लवकर आलात तर ती एकापाठोपाठ एक जागी होताना दिसतील. काळ्या पडद्यावर पत्ता उमटतो, टिंबे सरकतात. पाचव्या आणि सहाव्याच्या पडद्याकडे मी अजून थांबून बघतो.